काष्ट्याच्या मापाची हाफ पँट

शस्त्रक्रियेला एकवीस दिवस झाले तेव्हा सासूबाईंचा उजवा गुडघा साठ अंशांपर्यंत वाकत होता. आठवडाभर आधीही तो साठच वाकत होता. व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावायची, आकडा मोठ्यानं वाचायची आणि मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचे. तिसऱ्यांदा साठ लिहिताना मी आधीचे दोन आकडे पुन्हा तपासले. सोलापूरच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. तोवर गुडघा नव्वदपर्यंत गेला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो हातानं वाकवावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सासूबाईंना दुखण्याची भीती फारशी नव्हती. भीती होती ती त्या खोलीची. कंबरेखालचा भाग बधिर करून सांधा बदलला, तेव्हा त्या जाग्या होत्या. समोर हिरवा पडदा होता आणि पडद्यापलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"माझ्या हाडावर सुतार बसला हुता," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या. "आधी करवत, मग हातोडा. आन् मधीच एकजण इचारतोय, डब्यात भाजी कंची हाय."

लोक हसायचे. त्या हसायच्या नाहीत. रात्री जेवताना एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याला शांतपणे सांगून टाकलं, "पाय असाच राहिला तर राहू दे. पण त्या खोलीत म्या पुन्हा जाणार न्हाय."

मुरुमजवळच्या गावात त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलं. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलणं मराठी आणि मोजणं कानडी. आमच्या धाराशिवच्या घरी त्या गुडघ्यासाठी म्हणून आल्या होत्या आणि बरं वाटलं की परत जाणार होत्या. मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासते. काम दुपारनंतरचं, त्यामुळं सकाळच्या व्यायामाला घरात आम्ही तिघीच असायचो.

व्यायाम साधा होता. खाटेवर उताणं झोपायचं आणि टाच गादीवरून घासत मागं आणायची. टाच जितकी मागं येईल तितका गुडघा वाकणार. सासूबाईंच्या अंगात गाऊन होता. इरकली लुगडं नेसणाऱ्या बाईच्या आयुष्यातला हा पहिला गाऊन. वॉकर धरून नऊवार नेसता येत नाही, म्हणून दवाखान्यातच तो चढवला होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी खुर्ची थोडी बाजूला घेतली, आणि तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. टाच मागं यायला लागली की गाऊन गुडघ्यावरून मांडीकडं घसरायचा. तो घसरला की सासूबाईंचा हात खाली जाऊन कापड मुठीत धरायचा. कापड धरलं की टाच थांबायची. पुढचे तीन दिवस मी तेवढंच पाहिलं. प्रत्येक वेळी टाच त्याच जागी थांबली. गुडघा साठवर अडत नव्हता. साठवर गाऊन घसरत होता.

फिजिओथेरपिस्ट गेल्यावर मी विचारलं, "आत्या, दुखतंय म्हणून थांबता का?"

"दुखतंय तर हायेच."

"आणि कापडाचं?"

त्यांनी गाऊन घोट्यापर्यंत ओढून घेतला. मग म्हणाल्या, "उघडं पडतंय."

"पण इथं आपण तिघीच तर असतो."

"तिघी काय थोड्या झाल्या?"

मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, आजींना हाफ पँट घालायला सांगा, तशीही मला गुडघ्याची वाटी नीट दिसत नाही, सूज कळत नाही. संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं बाजारातून बायकांची तयार हाफ पँट आणली. निळ्या कापडावर नारळाची झाडं होती.

"ही झाडं कशापायी?" सासूबाईंनी विचारलं. "मी काय गोव्याला चाललेय?"

नवरा म्हणाला, "आई, दुकानात साधी नव्हती."

त्यांनी पँटच्या एका पायातून हात घातला, कोपरापर्यंत नेला आणि बोटं पसरून दाखवली. "ह्यातनं तर माझं डोस्कं जाईल. झोपून पाय वर केला की सगळं गाव बघंल."

हरकत बरोबर होती. मी ती पँट स्वतः घालून खाटेवर झोपले आणि गुडघा वर घेतला. कपाटाच्या आरशात नाडीपर्यंत सगळं दिसत होतं. लहान मापाची आणली तर मांडीला करकचून बसली असती, आणि सूज असलेल्या पायाला तेही चालणार नव्हतं.

माझं माहेरचं शिलाई मशीन घरात होतं. परकर, उशीचे अभ्रे, साडीचा फॉल एवढं मला येत होतं. मी नवऱ्याची एक जुनी हाफ पँट उसवली, तिचे चार तुकडे आमच्याच वर्तमानपत्राच्या पानांवर पसरले आणि पेन्सिलीनं रेघ मारली. सासूबाईंना वॉकर धरून उभं केलं, गाऊनवरूनच टेपनं कंबर आणि नितंब मोजले, वाढलेले इंच चारांत वाटले आणि बाजूच्या शिवणींना जोडले. हिशेब चुकला नव्हता. एका रविवारी दुपारी कूलरसमोर बसून मी ती शिवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घालून पाहिली, तर उभ्या अंगावर ती उत्तम बसली. सासूबाई वॉकर ढकलत कपाटाच्या आरशासमोर गेल्या आणि बराच वेळ खाली पाहत राहिल्या. एक गुडघा पूर्वीचा, एक टाक्यांच्या रेघेचा. स्वतःचे दोन्ही गुडघे आरशात त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावेत.

"पाय लई काळे न्हाईत की," त्या म्हणाल्या. "उनात फक्त घोट्याखालीच हुते."

मग त्या खाटेवर बसल्या. बसल्याबरोबर पँटची मागची कंबर चार बोटं खाली गेली. झोपून टाच मागं घेतली, तर कापड दोन्ही पायांच्या मध्ये ताणलं आणि शिवण उसवल्याचा आवाज आला. फिजिओथेरपिस्टनं पट्टी लावून पाहिलं. पंचेचाळीस. गाऊन यापेक्षा बरा होता.

सासूबाईंनी पँट काढून हातात घेतली आणि उसवलेल्या जागेत बोट घालून पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या कुतूहलानं पाहत होत्या.

"ही उभ्या बाईची चड्डी हाय," त्या म्हणाल्या. "म्या उभीनं कुठं वाकणार हाय?"

"बाजूला आणखी सैल करते."

"बाजूला नगं. बाजूला कुणाचं काय अडतंय?" मग माझ्याकडं वर पाहून, "तू कधी काष्टा नेसलीस का गं?"

मी नेसले नव्हते. कार्यालयात पंजाबी ड्रेस, सणाला सहावार. सासूबाईंनी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून एक लुगडं काढायला लावलं. मातकट हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, खुरपणीला नेसायचं. त्या खाटेच्या कडेला बसल्या, उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि मला समोर उभं केलं. त्यांना वॉकरशिवाय उभं राहता येत नव्हतं, म्हणून मीच गोल फिरायचं, असं ठरलं.

"श्वास सोड."

सोडला.

"अजून सोड. हापिसात काय पोट आत धरून बसतीस का?"

कमरेला गाठ बसली. मी दोनदा फिरले. समोर ओचा खोचला. मग निऱ्यांचा पट्टा दोन्ही पायांमधून मागं गेला आणि त्यांनी तो असा ओढला की मी एक पाऊल मागं आले. काष्टा खोचून त्यांनी पाठीवर चापट मारली.

"बस आता."

मी बसले.

"तसं न्हाय. उकिडवी."

उकिडवी बसले. मग त्यांनी एक पाय लांब करायला सांगितला, मग दुसरा, मग स्टुलावर चढायला, मग वाकून पायाची बोटं धरायला. कापड कुठंही ताणलं नाही आणि कुठंही उघडं पडलं नाही. हे मी दोन्ही बाजूंनी आरशात तपासलं. आयुष्यभर मी ते लुगडं दुसऱ्यांच्या अंगावर पाहत आले होते. ते असं चालतं हे मला माहीत नव्हतं.

"काष्टा घालून म्या विहिरीत उतरलेय," सासूबाई म्हणाल्या. "कडंला गडी उभे. खालचं पाणी बघायला उतरायचं, दगडाच्या पायऱ्या अशा अंगाएवढ्या. कुणाला घोट्यावरचं दिसलं आसंल तर सांग म्हणावं."

त्यांनी दोरा मागितला. मला सरळ उभं करून समोर कमरेच्या गाठीपासून दोन्ही पायांमधून मागच्या कमरेपर्यंत दोरा नेला आणि तिथं गाठ मारली. मग उकिडवं बसवलं आणि तोच दोरा पुन्हा लावला. तो पुरला नाही. कमी पडलेली जागा त्यांनी बोटं आडवी ठेवून मोजली. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." पाच बोटं. मी टेप लावला. साडेतीन इंच भरले.

"आता मधी धर," त्या म्हणाल्या.

दोऱ्याचा मधला बिंदू मी धरला. त्यांनी पुन्हा एकदा उभं केलं, बसवलं, पुढचा दोरा वेगळा मोजला आणि मागचा वेगळा. पुढचा जवळजवळ तेवढाच राहिला. पाचही बोटं मागं वाढली होती.

"कळलं का? बाई बसली की मागनं वाढती. पुढं कापड उरतंय. तू दोन्हीकडं सारखंच कापलंस."

मी खाटेवर बसले. शिवणाच्या पुस्तकांत ही गोष्ट आकृती काढून दिलेली असते. दोन्ही पायांच्या मधल्या शिवणीला शिंपी आसन म्हणतात, आणि पँटचं मागचं आसन पुढच्यापेक्षा खोल व उंच कापतात. ते मी नंतर वाचलं. नवऱ्याच्या पँटमध्येही तो फरक होता, पण थोडा. चुरगळलेल्या कापडावरून रेघ मारताना मी तोही सरळ करून टाकला होता. मला चूक दाखवणाऱ्या बाईनं कमरेखालचं शिवलेलं कापड शस्त्रक्रियेच्या आधी कधी अंगावर घातलं नव्हतं. पुस्तक तर त्यांना वाचताच येत नाही. पण पन्नास-पंचावन्न वर्षं रोज पहाटे त्यांनी नऊ वार कापड आपल्या अंगावर घडवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्यात बसून, वाकून, चढून ते तपासलं होतं. बातमी तपासताना आम्ही दोन ठिकाणी विचारतो आणि खात्री झाली असं म्हणतो.

"आन् आजून एक," त्या म्हणाल्या.

लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि उभ्या धाग्यानं ओढला. ढिम्म. आडव्या धाग्यानं ओढला. तसंच. मग कोपऱ्याकडून तिरका धरून ओढला, तर कापड बोटभर लांब झालं आणि सोडल्यावर परत आलं.

"काष्टा मधनं तिरका जातोय. सरळ कापड अडून बसतंय, तिरकं ऐकतंय."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, आत्या?"

त्यांना प्रश्नच समजला नाही. "कोण शिकवंल? रोज नेसतेय की."

दुसरी पँट त्या हिरव्या लुगड्याची झाली. ते कापायचं त्यांनीच सांगितलं. मी कात्री हातात घेतल्यावर मात्र त्यांनी लुगडं दोन मिनिटं मांडीवर ठेवून घेतलं, काठावरून हात फिरवला आणि मग परत दिलं. "काप. गोधडीत गेलं असतं तरी गेलंच असतं."

पुन्हा वर्तमानपत्राची पानं पसरली. या वेळी सासूबाई सांगत होत्या आणि मी रेघा मारत होते. मागचा तुकडा मध्यावर पाच बोटं उंच, बाजूंना उतरता. दोन्ही पायांच्या मध्ये वितीएवढा चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला, म्हणजे पाय फाकला की तो ताण घेईल. पायाचा घेर कमी, गुडघ्याच्या चार बोटं वर संपणारा, आणि तळाला तिरक्या कापडाची पट्टी, मांडी फिरली तरी तिला धरून राहील अशी. इलास्टिकला त्यांनी नकार दिला. "त्ये आपल्या मनानं आवळतंय. नाडी आपल्या मनानं आवळती." म्हणून नेफा शिवला आणि सेफ्टी पिननं त्यात नाडी ओवली.

मशीनवरच्या टिपा मी मारल्या. आतल्या शिवणी दुमडून हातानं घालायचं काम त्यांनी मागून घेतलं. पहिल्या पँटची कडा त्यांच्या गुडघ्याच्या टाक्यांना घासली होती. नवी शिवण आतून सपाट असायला हवी होती. दोन दुपारी त्या चष्मा लावून, उजवा पाय लांब ठेवून तुरपत बसल्या. टाके बारीक आणि सारख्या अंतराचे होते. गोधडीवर हात बसलेला माणूस जसं शिवतो तसे.

पँट घालून त्यांनी आरशात पाहिलं नाही. सरळ खाटेवर बसल्या, झोपल्या, डावा पाय वर घेतला, खाली घेतला, कुशीवर झाल्या. मग मला म्हणाल्या, "पायाकडनं बघ. दिसतंय का काय?"

"काही नाही."

"खरं सांग."

"आत्या, खरंच काही नाही."

"मग तिला बोलीव."

त्या सकाळी फिजिओथेरपिस्टला वाटी, सूज आणि मांडीचा स्नायू पहिल्यांदा नीट दिसला. सासूबाईंनी टाच मागं ओढायला सुरुवात केली. डावा हात गादीवर पडून होता. टाच नेहमीच्या जागी आली आणि पुढं गेली. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या. घर हादरेल असं. मी उठले.

मुलगी मात्र हसली. "आजी, इतके दिवस का नाही ओरडलात?"

"इतके दिस कुठं दुखत हुतं एवढं!"

तिनं पट्टी लावली. बाहत्तर.

तिथून पुढं दुखणं खरं सुरू झालं. अठ्ठ्याहत्तर. एक्याऐंशी. एक्याऐंशीवर गुडघा चार वेळा अडला, आणि तेव्हा मी कापडात कारण शोधत राहिले, पण या वेळी ते कापडात नव्हतं. आत चिकटलेला भाग सुटायला वेळ घेत होता. सासूबाई दात आवळून कानडीत मोजायच्या, दहापर्यंत टाच धरून ठेवायच्या, आणि सातच्या पुढं त्यांचा आवाज चढायचा. घामानं उशी ओली व्हायची. मुलगी गेल्यावर दुपारी त्या पुन्हा स्वतःहून मोजायच्या. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, कूलर घरघरायचा, आणि आतल्या खोलीतून ओंदु, एरडु ऐकू यायचं. पँट त्या दिवसभर घालू लागल्या होत्या. शेजारी चादर ठेवायच्या. दार वाजलं की चादर पायांवर.

"गाऊनपरीस बरी हाय," त्यांनी एकदा कबूल केलं. "वारं लागतंय. गड्यांनी इतकी वर्सं आमाला सांगितलं न्हाय."

सहा आठवडे भरले त्या दिवशी कॅलेंडरवरचा शेवटचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. दोन अंश कमी. आम्ही भाड्याची गाडी करून सोलापूरला निघालो. सासूबाईंनी वरून लुगडं गोल गुंडाळलं होतं, आत हिरवी पँट होती. तुळजापूरचा घाट उतरला. सासूबाई म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशीला काय म्हणतील गं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर होते आणि त्यांचे दोन सहायक, तिघंही पुरुष. दार अर्धं उघडं होतं, बाहेरच्या बाकांवर माणसं बसलेली दिसत होती. मी दार लावायला निघाले, तोवर सासूबाईंनी स्वतःच लुगड्याची गाठ सोडली, ते घडी करून माझ्या हातात दिलं आणि टेबलावर आडव्या झाल्या. डॉक्टरांनी गुडघा धरला. सासूबाईंनी छताकडं पाहिलं आणि मोजायला लागल्या. दहाच्या पुढं गेल्या. डॉक्टरांनी पट्टी लावली, सहायकाला आकडा सांगितला. त्र्याण्णव.

"छान आहे," ते म्हणाले. "भूल द्यायची गरज नाही."

"म्हंजी मला आत न्यायचं न्हाय?"

"नाही, आजी."

"पुढच्या टायमाला बी न्हाय?"

"नाही. हा आता आपोआप वाढेल."

डॉक्टर कागदावर लिहायला टेबलाकडं वळले. एक सहायक पुढच्या पेशंटचं नाव घ्यायला दाराशी गेला. सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी टाच पुन्हा टेबलावरून मागं ओढली, हळूहळू, कुणी सांगितलेलं नसताना, आणि गुडघा वर आला तसं मान उचलून त्याच्याकडं पाहत राहिल्या. दार तसंच अर्धं उघडं होतं. मी लुगडं हातात धरून उभी होते आणि ते त्यांना इतक्यात द्यावं असं मला वाटलं नाही.